इग्लूलिक ते शुक्रवार पेठ: जुने फोटो, कॅसेटी आणि आवाज कसे जपायचे

२०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या आत्तीच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढला, भांडी धुतली, गाद्या फेकल्या आणि चौथ्या दिवशी कॉटखालची लोखंडी पेटी उघडली. आत काळ्या पानांचा अल्बम होता, भिजून अगदी वीट झालेला. आम्ही तो गच्चीवर कडक उन्हात ठेवला, चांगला वाळू दिला आणि मग एकेक फोटो ओढून सुटा करायला लागलो. पहिल्याच फोटोत आजोबांचा चेहरा समोरच्या फोटोच्या पाठीला चिकटून निघून गेला आणि माझ्या हातात नुसता फेटा आणि कोटाची बटणं राहिली. आत्ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

त्यानंतर हे असं का झालं, काय करायला पाहिजे होतं, हे शोधत शोधत मी पार अंटार्क्टिकाला जाऊन पोचलो, म्हणजे वाचता वाचता. तिथं केप इव्हान्सला कॅप्टन स्कॉटची १९११ ची लाकडी झोपडी अजून उभी आहे, आणि तिथल्या डार्करूममध्ये न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टच्या लोकांना एक डबी सापडली, आत २२ निगेटिव्ह, एकमेकांना चिकटून गठ्ठा झालेल्या. शॅकलटनच्या १९१४ ते १९१७ च्या मोहिमेतल्या माणसांनी मागं टाकलेल्या. त्या न्यूझीलंडला नेऊन एकेक सुटी केली, साफ केली, आणि २०१३ च्या डिसेंबरात ते फोटो जगाला दिसले. त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे स्वीडनचा आंद्रे १८९७ ला बलूनमधून उत्तर ध्रुवाकडं निघाला आणि तिघंच्या तिघं बर्फात गेले, त्यांचा कॅमेरा आणि फिल्म १९३० ला क्वितोया बेटावर सापडली आणि ३३ वर्षं बर्फात राहिलेल्या त्या फिल्ममधनं ९३ फोटो निघाले. आमचा अल्बम चार दिवसांत गेला आणि त्यांच्या निगेटिव्ह शंभर वर्षं टिकल्या, फरक काय, तर थंडी. थंडीत बुरशी वाढत नाही, केमिकलची झीज मंदावते.

पण ती थंडीच आता भरवशाची राहिली नाही. अलास्कात क्विनहागाक म्हणून युपिक लोकांचं समुद्राकाठचं गाव आहे, तिथं गावाशेजारी नुनालेक ही त्यांच्या पूर्वजांची जुनी वस्ती गोठलेल्या जमिनीत शेकडो वर्षं जशीच्या तशी होती, लाकडी मुखवटे, टोपल्या, अगदी गवताची दोरीसुद्धा. जमीन वितळायला लागली, किनारा ढासळायला लागला, मग गावकऱ्यांनीच पुढाकार घेऊन स्कॉटलंडच्या ॲबरडीन विद्यापीठाला बोलावलं आणि २००९ पासून उत्खनन सुरू झालं. १ लाखाच्या वर वस्तू निघाल्या, आणि त्या साफसफाईसाठी तिकडं गेल्या तरी पुन्हा गावात परत आल्या, २०१८ ला गावाचं स्वतःचं म्युझियम उघडलं. म्हणजे बर्फ टिकवेल म्हणून ही माणसं बसून राहिली नाहीत. आपल्याकडं तर बर्फ नाहीच, पंचगंगा आहे, पावसाळ्याची चार महिन्यांची ओल आहे आणि वाळवी आहे, मग आपण कशाच्या भरवशावर बसलोय? गेली चारपाच वर्षं मी पेठेतल्या घरांमधनं आणि एका तालमीतनं हे काम करतोय, आणि माझी जवळजवळ प्रत्येक पद्धत ध्रुवाकडच्या लोकांनी करून ठेवलेल्या कामातनं उचललेली आहे. ती तुमच्या पेठेत, गावात कशी करायची ते सांगतो.

सगळ्यात आधी भिजलेल्या फोटोचं, कारण जून आला की हे लागणारच. चिकटलेले फोटो उन्हात वाळवायचे नाहीत आणि ओढायचे तर अजिबात नाहीत. परातीत स्वच्छ थंड पाणी घ्या, गठ्ठा त्यात बुडवून ठेवा, आपोआप सुटतात तेवढे सुटू द्या, चिखल हळू धुवून काढा, फोटोच्या तोंडाला बोट लावू नका आणि मग सुती कापडावर तोंड वर करून सावलीत पसरा. पण पुरात एवढा वेळ कुणाला असतो, घर साफ करायचं की फोटो धुवायचे. तर दोन दिवसांत होणार नसेल तर फोटोंच्या मध्ये बटर पेपर घाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, फ्रीजर म्हणजे बर्फाचा कप्पा. लाइट असलेल्या पाहुण्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि पुढं महिन्याभरानं सवडीनं बाहेर काढून धुता येतात. ध्रुवाची थंडी आपल्याला एवढीच मिळते, एका कप्प्यापुरती, पण तेवढ्यानं अल्बम वाचतो. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीजरमध्ये घालू नका, आणि कॅसेटी, व्हिडिओ कॅसेटी तर अजिबात नको. हे मला २०१९ ला माहीत असतं तर आजोबांचा चेहरा आज असता. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा गल्लीतल्या दोन घरांचे अल्बम आम्ही असेच वाचवले.

आता मुख्य काम. इथं बहुतेक जण आधी स्कॅनर घेतात. मी पण तेच केलं, पहिल्या वर्षी तालमीतले सहाशे फोटो स्कॅन केले आणि एका फोल्डरमध्ये टाकले, आणि वर्षभरानं उघडून बघितलं तर सहाशे अनोळखी माणसं माझ्याकडं बघत होती. ज्यांनी नावं सांगितली असती त्यातले दोघं त्या वर्षात गेले.

कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागारात अशीच परिस्थिती होती. उत्तरेतल्या इनुइट लोकांचे हजारो फोटो सरकारी फोटोग्राफरनी, मिशनऱ्यांनी काढलेले, आणि खाली काय लिहिलंय तर ‘एस्किमो बाई’, ‘एस्किमो मूल’. नावच नाही. मग २००२ च्या सुमारास नुनावुत सिवुनिक्सावुत या ऑटवातल्या इनुइट तरुणांच्या शिक्षणसंस्थेबरोबर त्यांनी प्रोजेक्ट नेमिंग सुरू केलं. फोटो स्कॅन केले, लॅपटॉपवर घातले आणि पोरापोरींनी ते आपल्याच गावातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर नेऊन ठेवले, हा कोण, ही कोण, हे कुठलं ठिकाण. सुरुवातीच्या गावांमध्ये इग्लूलिक हे उत्तरेतलं इनुइट गावही होतं. त्या म्हाताऱ्यांना स्वतःचे आईवडील दिसले, कुणाला स्वतःचं लहानपण दिसलं. मला वाटतं जगात अर्काइव्हिंगचं याहून चांगलं काम झालेलं नाही, आणि त्याला लागतं काय, तर फोटो, बसायला जागा आणि ऐकून घेणारं एक पोर.

आम्ही हे तालमीत कसं करतो ते सांगतो. मूळ फोटो कधीच हातात फिरवायला द्यायचा नाही. स्कॅन करून ए-फोर कागदावर मोठा प्रिंट काढायचा, प्रत्येकाच्या डोक्यावर नंबर टाकायचा, एक, दोन, तीन, आणि शेजारी वहीत नंबरपुढं नाव. रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. एका फोटोत अकरा जण होते, लांग लावून, अंगाला माती लागलेले, आणि आबांनी, आबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, चेहऱ्याकडं बघितलंच नाही. चष्मा पुसला, कागद नाकाजवळ नेला आणि म्हणाले, “कान बघ की रं. पाच नंबरचा कान बघ, मोडलेला. ह्यो वडणग्याचा. ह्येच्यागत कान कुणाचाच न्हवता.” पैलवानाचा मोडलेला कान मी स्कॅन करताना दहा वेळा बघितला असेल, मला तो फोटोतला डाग वाटला होता. तेवढ्यात शेजारी बसलेले दुसरे आजोबा म्हणाले, “न्हवं, त्यो न्हवं, त्यो त्येचा धाकटा भाऊ,” आणि दोघांची जुंपली. अशा वेळी मधे पडायचं नाही, निकाल द्यायचा नाही. दोन्ही नावं लिहायची, कुणी कुठलं सांगितलं ते लिहायचं, तारीख घालायची. आज ना उद्या तिसरा फोटो निघेल आणि त्यात कळेल.

साल विचारलं तर कुणाला सांगता येत नाही, त्यामुळं साल विचारूच नका. कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर, असं विचारा, म्हणजे १९६७ चा डिसेंबर. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर. तुमचं लग्न झालं होतं का, थोरला पोरगा झाला होता का. बायकांना तर हे असं लगेच सांगता येतं. आणि बायकांकडं जाच, कारण तालमीच्या फोटोत बाई नसते पण कोण कुणाचा कोण, कुणाची सोयरीक कुठं, हे सगळं त्यांनाच माहीत असतं. आत्तीनं एका दुपारी जेवढी नावं सांगितली तेवढी तालमीत महिन्याभरात मिळाली नव्हती.

आवाजाकडं येतो. इग्लूलिकमध्ये १९८६ पासून म्हाताऱ्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करायचं काम सुरू झालं, त्यांच्याच इनुक्टिटुट भाषेत, शिकार, बर्फाचे प्रकार, तारे, नातीगोती, जुनी गाणी. हेच ते गाव ज्यानं १९७५ आणि १९७९ ला मतदान करून टीव्ही नाकारला होता, कारण त्यात आपल्या भाषेतलं काहीच नाही, आणि भाषेतले कार्यक्रम यायला लागल्यावरच घेतला. पुढं त्याच गावातनं इसुमा ही इनुइटांची स्वतःची फिल्म कंपनी उभी राहिली. अलास्का विद्यापीठानं फेअरबँक्सला १९८८ ला प्रोजेक्ट ज्यूकबॉक्स सुरू केला, टेपवरच्या मुलाखती कॉम्प्युटरवर ऐकायची सोय, फोटो आणि नकाशासकट, तेव्हा इंटरनेट घरोघरी नव्हतंच. सुरुवातीचं सगळं त्या वेळच्या कॉम्प्युटरवर चालणारं होतं, ते नंतर त्यांना पुन्हा वेबवर हलवावं लागलं. हे लक्षात ठेवा, एकदा डिजिटल केलं की झालं असं नसतं, दर आठदहा वर्षांनी सामान नव्या घरात हलवायचं काम असतं.

रेकॉर्डिंगला मोबाइल चालतो. फक्त रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन एमपी-थ्रीऐवजी वेव्ह फॉरमॅट निवडा, मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, आणि टेबलावर तसाच ठेवू नका, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. पंखा बंद करा. उन्हाळ्यात पंखा बंद करायला सांगायला जीवावर येतं म्हणून आम्ही सकाळी सात-साडेसातला जातो, कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या आत. दुसरा मोबाइलही चालू ठेवा, एक बंद पडला तर दुसरा. सुरुवातीलाच आपल्या तोंडानं सांगा, आज कुठली तारीख, कुठलं घर, कोण बोलतंय, कोण विचारतंय. मग एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा. मधेमधे हं हं म्हणू नका, मान हलवा. म्हातारी माणसं थांबतात, पदर सारखा करतात, पाणी पितात, आणि खरं सांगायचं ते त्या थांबण्यानंतर सांगतात. आणि लिहून काढताना त्यांची भाषा सुधारू नका, ‘व्हय’ला ‘हो’ करू नका, ‘कवाधरनं’ला ‘केव्हापासून’ करू नका. आत्ती जात्यावरच्या ओव्या म्हणते, त्यातले निम्मे शब्द माझ्या पोरीला कळत नाहीत, तेच तर जपायचंय.

जुन्या कॅसेटी असतील, शाहिरांचे पोवाडे, तालमीचे कार्यक्रम, लग्नातल्या, तर त्या फोटोच्याही आधी घ्या, कारण टेप मरते आणि ती वाजवणारं मशीन त्याच्याही आधी मरतं. चांगला कॅसेट डेक शोधा, जुन्या बाजारात किंवा रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं मिळतो. हेड कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं फिरवून घ्या, मग वायरनं कॉम्प्युटरला जोडून ऑडॅसिटी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घ्या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. तासाभराच्या स्टिरिओ रेकॉर्डिंगला साधारण १ जीबी लागतो, जागेची काळजी करू नका, हार्ड डिस्क स्वस्त आहे. खरखर काढायच्या भानगडीत मूळ फाइलमध्ये पडू नका. मूळ जशी आहे तशी ठेवा, साफ केलेली वेगळी कॉपी ऐकायला ठेवा.

फोटोचं तंत्र सोपं आहे. फ्लॅटबेड स्कॅनर, ६०० डीपीआय, कलरमध्येच, फोटो काळा-पांढरा असला तरी, कारण पिवळेपणा आणि पाठीमागची शाईपण माहितीच असते. टिफ फॉरमॅट. चार बाय सहाचा फोटो असा साधारण २६ एमबी होतो. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का असतो, कुणीतरी तारीख लिहिलेली असते. अल्बमला डकवलेला फोटो सोडवायचा नाही, वरनं मोबाइल नाहीतर कॅमेऱ्यानं पानासकट घ्या, सावलीच्या उजेडात, फ्लॅश न मारता. निगेटिव्ह असतील तर २४०० डीपीआयच्या खाली येऊ नका. वॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्याचा जीव जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एक गोष्ट मात्र घरी करायची नाही. कुणाच्या माळ्यावर जुना फिल्मचा डबा निघाला तर तो उघडून प्रोजेक्टरला लावू नका. कोल्हापूर म्हणजे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचं गाव, १९२९ ला प्रभात इथंच सुरू झाली, आणि त्या काळातली फिल्म नायट्रेटची, ती भडकली की पाण्यानंही विझत नाही. योगायोग बघा, त्याच १९२९ साली कॅनडाच्या युकॉनमधल्या डॉसन सिटीत मूकपटांच्या फिल्म जुन्या स्विमिंग टँकमध्ये भराव म्हणून टाकून पुरल्या, आणि १९७८ ला खोदकामात ५३३ रिळं निघाली, गोठलेल्या जमिनीनं जपलेली. आपल्या मूकपटांना असली जमीन मिळाली नाही, बहुतेक गेले. त्यामुळं एखादं रीळ जरी निघालं तरी गार, हवेशीर जागी, आगीपासून लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.

लिहिलेल्या मजकुराचं दुखणं वेगळंच आहे आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्या तालमीची एक स्मरणिका वीस वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडनं टाइप करून घेतली होती, सीडी जपून ठेवली होती, सीडी उघडलीही, पण मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, कारण तो जुना फॉन्ट, युनिकोड नव्हे. नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेतल्या इनुइट प्रदेशात अगदी हेच झालं होतं. इनुक्टिटुटची अक्षरं युनिकोडमध्ये १९९९ ला आली, त्याआधी नुनाकॉम, प्रोसिल असले फॉन्ट होते, एका कॉम्प्युटरवरचं दुसऱ्यावर दिसायचं नाही. उपाय दोन्हीकडं एकच, आज जे लिहाल ते युनिकोडमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, आणि जुनं असेल ते कन्व्हर्टरनं बदलून एकदा डोळ्याखालनं घाला, कारण कन्व्हर्टर जोडाक्षरं खातो. फाइलची नावं मात्र इंग्रजी अक्षरात ठेवा, आधी वर्ष, महिना, दिवस, मग जागा, मग नंबर, मधे स्पेस नको.

जागांची नावंसुद्धा घ्या. इनुइट हेरिटेज ट्रस्टनं उत्तरेतल्या खाड्या, टेकड्या, बेटांची इनुइट नावं म्हाताऱ्यांकडनं गोळा करून नकाशावर आणली. आपल्याकडं विहिरींची, शेतांची, बुजवलेल्या तळ्यांची, पडलेल्या आखाड्यांची नावं आहेत, मोबाइलच्या नकाशावर टाचणी टोचून सोबत आवाज जोडा.

इमारतींचं ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कळलं. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, शाहू महाराजांच्या काळातलं पॅलेस थिएटर ते, संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीची आदली रात्र, आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या मोबाइलमध्ये आतला एखादा फोटो आहे का शोधत होते. सगळ्यांकडं रंगमंचावरच्या माणसांचे होते, छताचा, सज्जाचा, खांबाचा कुणाकडंच धड नव्हता. अंटार्क्टिकातल्या स्कॉट आणि शॅकलटनच्या झोपड्या २०१२ पासून गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर आतनं फिरून बघता येतात, फळीवरचे डबे मोजता येतात. तेवढं जमलं नाही तरी वाडा, देऊळ, तालीम, काहीही असो, भिंतीला समांतर चालत प्रत्येक पावलाला एक फोटो घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला पाहिजे, ढगाळ दिवशी, आणि एका फोटोत मोजपट्टी ठेवा. याच फोटोंपासून पुढं थ्रीडी मॉडेल करता येतं. आज करता आलं नाही तरी फोटो तर राहतील.

कॉपी कुठं ठेवायच्या यावर मी सगळ्यात जास्त भांडतो. पोरं म्हणतात क्लाउडवर टाकलंय. २०२३ च्या जूनमध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळ समुद्रातली केबल बर्फानं तोडली आणि तिथल्या गावांचं नेट जवळजवळ तीन महिने गेलं. २०२२ च्या जानेवारीत नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या दोन केबलपैकी एक बिघडली. इसुमावाल्यांनी तर आधीच ओळखून नेट मंद असलेल्या गावांमध्ये फिल्मा ठेवायला गावातच मशीन बसवली होती. आपल्याकडं २०१९ ला लाइट गेली, टॉवर गेले, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. त्यामुळं तीन कॉपी करा, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर, आणि दोन हार्ड डिस्क एकाच घरात ठेवू नका, एक पंचगंगेच्या अलीकडं, एक पलीकडं. आमची दुसरी पुण्याला चुलत बहिणीकडं आहे. पेन ड्राइव्ह म्हणजे अर्काइव्ह नव्हे, ते फक्त इकडनं तिकडं न्यायला. दर दिवाळीला डिस्क काढून चालू करा, पाचसहा फाइली उघडून बघा, पाच वर्षांनी नवीन डिस्कवर हलवा. आणि प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ठेवा, म्हणजे फाइलचा अंगठा समजा, फुकट सॉफ्टवेअर देतं, पुढच्या वर्षी अंगठा जुळला नाही तर फाइल आतनं बिघडली, दुसऱ्या डिस्कवरनं घ्या.

आणि एक प्रत माणसाच्या डोळ्यानं वाचता येईल अशी पाहिजे. स्वालबार्डला लाँगइयरबीनजवळच्या बंद कोळशाच्या खाणीत २०१७ ला आर्क्टिक वर्ल्ड अर्काइव्ह सुरू झालं, तिथं देशोदेशीची कागदपत्रं खास फिल्मवर घालून ठेवतात. २०२० ला कॉम्प्युटर प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या गिटहब कंपनीनं तिथं २१ टीबीचा कोड १८६ रिळांवर ठेवला, आणि ते कसं वाचायचं हे त्या फिल्मवरच साध्या अक्षरात लिहिलंय, भिंग घेतलं की वाचता येतं. त्याच बेटावरच्या बियाणांच्या तिजोरीच्या बोगद्यात २०१६ ला वितळलेलं पाणी शिरलं होतं, बियाणांना काही झालं नाही, पण एकाच जागेचा भरवसा किती धरायचा ते कळलं. आपली खाण म्हणजे कागद. सगळ्या फोटोंची यादी, नंबर, नावं, कुणी सांगितलं, हे लेझर प्रिंटरवर छापा, इंकजेटची शाई पाण्यात वाहून जाते, आणि बाइंडिंग करून तीन घरांत ठेवा.

आता परवानगीचं, आणि हे शेवटी सांगतोय म्हणून कमी महत्त्वाचं समजू नका. उत्तर युरोपातल्या सामी लोकांमध्ये योइक म्हणून गाणं असतं, ते ज्याच्यावर केलं त्याचं मानलं जातं, गाणाऱ्याचं नव्हे. १६९१ ला एका सामी माणसाचा पवित्र ढोल जप्त केला गेला, तो डेन्मार्कच्या संग्रहातनं सामींच्या मालकीचा व्हायला २०२२ उजाडलं. कॅनडातल्या इनुव्हियालुइट लोकांच्या वस्तू १८६० च्या दशकापासून वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये होत्या, २००९ ला त्यांची म्हातारी माणसं तिथं जाऊन बघून आली, हाताळून आली, आणि २०१२ ला त्यांनी स्वतःच्या शब्दांत त्याची वेबसाइट केली. कुणाचं काय, कुणाला दाखवायचं, हे ठरवायचा हक्क ज्याचं त्याचा. यासाठी मुकुर्तू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगु लोकांबरोबर केलेलं, त्यात कुठला फोटो फक्त घरच्यांना, कुठला फक्त गावाला, कुठला सगळ्यांना, असं ठरवता येतं. ते जमत नसेल तर वहीत एक रकाना वाढवा. आत्तीची ओवी रेकॉर्ड झाल्यावर मी विचारलं नेटवर टाकू का, तर ती म्हणाली, “लेकीसाठी म्हटल्याली ऱ्हाऊ दे घरात. बाकीच्या टाक.” तिनं हे सांगितलेलंही रेकॉर्ड झालंय, तेच तिचं संमतिपत्र. कागदावर अंगठा घेत बसू नका, त्यांच्याच आवाजात होकार नकार घ्या. मयताचे फोटो, आजारपणातले, भांडणाचे किस्से, हे विचारल्याशिवाय कुठंच जायचे नाहीत. नेटवर टाकायचेच तर लहान साइजचे टाका, मोठी फाइल आपल्याकडं.

आणि स्कॅन झालं की मूळ फोटो ज्याचा त्याला परत, स्वतः जाऊन, सोबत एक मोठा प्रिंट नावांसकट. प्लॅस्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये परत घालू नका, कागदी पाकिटात घाला, पाकीट स्टीलच्या डब्यात, डबा कॉटखाली नको, वरच्या फळीवर, बाहेरच्या भिंतीला न लावता. फोटोच्या मागं नंबर टाकायचा तर मऊ पेन्सिलनं, कडेला, फोटो काचेवर ठेवून, हलक्या हातानं. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढं उमटतो.